टेक्ससमध्ये मेंटल हेल्थ काउन्सेलिंगमध्ये मास्टर्स: कोर्स, प्रॅक्टिकम आणि लायसन्सबद्दल माहिती हवी आहे

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत राहते, एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे, ईएडी (काम करायचा परवाना) आहे. पुणे विद्यापीठाचं बी.कॉम. आणि नंतर एचआरमधला अनुभव. सायकॉलॉजी बारावीलासुद्धा नव्हतं. समुपदेशनात मास्टर्स करायचं पक्कं केलंय, पण शोधायला बसलं की डोकं चक्रावतं. कुणी एम.ए. सायकॉलॉजी म्हणतं, कुणी एमएसडब्ल्यू, कुणी एम.एस. इन क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलिंग. ऑनलाइन कोर्सच्या जाहिराती तर पाठच सोडत नाहीत.

तीन वर्षांच्या बी.कॉम.वर प्रवेश मिळतो का? ऑनलाइन घ्यावं की इथल्याच विद्यापीठात जावं? डिग्री मिळाल्यावर लगेच काम करता येतं, की पुढे आणखी काही असतं? आणि पुढेमागे मराठी कुटुंबांबरोबर मराठीतच काम करायची इच्छा आहे, तर त्याची तयारी शिकतानाच करता येईल का?

"छान क्षेत्र आहे, जरूर करा" सोडून काहीही सांगा.

---

पिंपळपान

चैत्रपालवी, प्रश्न उलट्या क्रमाने घेतले तर निम्मा गोंधळ संपेल. आधी लायसन्स कुठलं आणि कुठल्या राज्याचं ते ठरवा, मग त्या लायसन्सला चालणारी डिग्री, आणि विद्यापीठ सगळ्यात शेवटी. बहुतेक जण जाहिरात बघून विद्यापीठापासून सुरुवात करतात. राज्याला हवा असलेला एखादा विषय राहिलाय किंवा प्रॅक्टिकमचे (शिकताना देखरेखीखाली क्लायंटबरोबर करायच्या सरावाचे) तास कमी पडलेत, हे मग पदवीदानानंतर कळतं.

समुपदेशकाचं लायसन्स इथे राज्य देतं, केंद्र सरकार नाही. त्यामुळे नावंही वेगवेगळी: टेक्ससमध्ये एलपीसी (लायसन्स्ड प्रोफेशनल काउन्सेलर), न्यूयॉर्कमध्ये एलएमएचसी, कॅलिफोर्नियात एलपीसीसी. टेक्ससमध्ये हा कारभार बिहेवियरल हेल्थ एक्झिक्युटिव्ह कौन्सिलकडे आहे. त्यांना हवी समुपदेशनातली ६० सेमिस्टर क्रेडिटची पदव्युत्तर पदवी, प्रॅक्टिकमसकट. वर एनसीई ही राष्ट्रीय परीक्षा, टेक्ससच्या नियमांवरची जुरिस्प्रुडन्स परीक्षा, बोटांचे ठसे, आणि बोर्डाने मान्यता दिलेल्या सुपरवायझरबरोबरचा करार. एवढं झालं की हातात येतं ते एलपीसी असोसिएट. पूर्ण एलपीसी व्हायला त्यापुढे ३,००० तास लागतात, त्यातले १,५०० थेट क्लायंटबरोबर. कितीही धावपळ केली तरी १८ महिन्यांच्या आत हे संपवता येत नाही.

म्हणजे डिग्रीनंतर काम करता येतं, पगारही मिळतो, पण सुपरवायझरच्या देखरेखीखाली. १८ महिने म्हणजे ७८ आठवडे. ३,००० तास त्यात बसवायचे तर आठवड्याला ३८-३९ तास होतात आणि त्यातले १९ हून जास्त थेट सेशनचे. सुट्टी नाही, आजारपण नाही, क्लायंटने ऐनवेळी रद्द केलं असंही नाही, तर हे जमेल. त्यामुळे दोन ते अडीच वर्षं धरून चाला. सुपरवायझर नोकरीच्या ठिकाणचा असेल तर सुपरव्हिजन बहुधा फुकट मिळते. बाहेरचा असेल तर त्याची फी तुमच्या खिशातून जाते, हे पगार ठरवतानाच लक्षात घ्या.

दोन ठिकाणी लोकांचे महिने वाया जातात. पहिलं, डिग्रीनंतर असोसिएट लायसन्स हातात येईपर्यंत केलेल्या कामाचे तास मोजले जात नाहीत. मे महिन्यात पदवी मिळाली, परीक्षा ऑगस्टमध्ये दिली, अर्ज सप्टेंबरमध्ये केला, की अर्धं वर्ष गेलं. केक्रेप (समुपदेशनाच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या कोर्समधल्या विद्यार्थ्यांना एनसीई डिग्रीआधीच, शेवटच्या टप्प्यात देता येते. ती तेव्हाच उरकून टाका. दोनशे प्रश्न असतात, त्यातले १६० मोजले जातात, पण कुठले ते कळत नाही.

दुसरं, ईएडी. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी ५४० दिवसांची आपोआप मुदतवाढ मिळत नाही. जुनं कार्ड संपलं आणि नवीन आलं नाही, तर काम थांबलं आणि तासही थांबले. वर हातातल्या क्लायंटना मध्येच दुसऱ्याकडे सोपवावं लागतं. मुदत संपायच्या १८० दिवस आधी अर्ज करता येतो, तेव्हा त्या आठवड्यातच करा. नोकरी स्वीकारतानाही ही शक्यता मालकाच्या कानावर घाला.

आता डिग्रीचं नाव. नावात सायकॉलॉजी आहे म्हणून ती समुपदेशकाच्या लायसन्सला चालते असं मुळीच नाही. कित्येक एम.ए. सायकॉलॉजी ३०-३६ क्रेडिटच्या, पीएच.डी.च्या वाटेवरच्या असतात आणि त्यांत प्रॅक्टिकमच नसतो. तुम्हाला हवी ती क्लिनिकल मेंटल हेल्थ काउन्सेलिंगची, आणि शक्यतो केक्रेपची मान्यता असलेली. केक्रेपच्या वेबसाइटवरच्या यादीत स्वतः बघा, कारण माहितीपत्रकावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. एखाद्या विद्यापीठाची मान्यता फक्त स्कूल काउन्सेलिंगला असते आणि क्लिनिकलची नुसती प्रक्रिया चालू असते. माहितीपत्रकात मात्र दोन्हींवर एकच शिक्का मिरवतो. शिवाय व्यावसायिक लायसन्सकडे नेणारा कोर्स कुठल्या राज्याच्या अटी पूर्ण करतो, हे विद्यापीठाला जाहीर करावं लागतं. वेबसाइटवर "प्रोफेशनल लायसन्शर डिस्क्लोजर" शोधा. तिथे टेक्ससपुढे "ठरवलेलं नाही" असं काही लिहिलेलं दिसलं तर तो कोर्स यादीतून काढा.

---

कृष्णाकाठ

वरच्या प्रतिसादात सगळं आलंय, मी फक्त प्रवेश आणि पैशाचं लिहिते.

तीन वर्षांच्या पदवीवर प्रवेश मिळतो, पण प्रत्येक ग्रॅज्युएट स्कूलचा नियम वेगळा आणि एकाच विद्यापीठात विभागाचाही वेगळा असू शकतो. क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन विषयवार करून घ्या. नुसता "पदवी समकक्ष आहे" असा साधा अहवाल स्वस्त पडतो, पण पुढे प्रीरिक्विझिट (प्रवेशाआधी झालेले असावे लागणारे विषय) दाखवायला त्याचा उपयोग नाही. डब्ल्यूईएस ही मूल्यमापन करणारी संस्था तीन वर्षांच्या भारतीय पदवीला अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची धरताना संस्थेचा नॅकचा "ए" दर्जा आणि प्रथम किंवा द्वितीय श्रेणी बघतं. पण आधी विभागाला ईमेल करून विचारा की त्यांना कुठल्या संस्थेचा अहवाल चालतो. काही विद्यापीठं स्वतःच मूल्यमापन करतात, मग तो खर्च फुकट जातो. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावं लागतं. कुणी पुण्यात असेल तर आजच कामाला लावा, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

बी.कॉम. आहे म्हणून अडत नाही. या कोर्सना कला, वाणिज्य, अभियांत्रिकी, सगळीकडचे लोक येतात. जीआरई बऱ्याच ठिकाणी राहिलेली नाही. जास्त वजन असतं ते स्टेटमेंट, शिफारसपत्रं आणि मुलाखतीला. मुलाखत अनेकदा गटाने घेतात आणि त्यात तुम्ही किती बोलता यापेक्षा दुसरा बोलत असताना काय करता ते बघतात. एचआरवाल्यांची एक खोड तिथे नडते: समोरच्याने अडचण मांडली की लगेच तोडगा. स्टेटमेंटमध्येही "लोक माझ्याकडे सल्ल्याला येतात" हे वाक्य नको. निवड समितीने ते शेकडो वेळा वाचलेलं असतं, आणि समुपदेशन म्हणजे सल्ला हा समज पहिल्याच सेमिस्टरला मोडावा लागतो.

फी. टेक्ससमध्ये एच-४ वरच्या माणसाला अधिवास धरता येतो. बारा महिने राज्यात राहत असल्याचे पुरावे दिले की सरकारी विद्यापीठात रहिवाशाची फी लागते. हे प्रवेशाच्या कार्यालयाला प्रत्येक वेळी माहीत असतंच असं नाही. तुम्हाला "इंटरनॅशनल" खात्यात टाकून परराज्याची फी लावली, तर घराचा करार किंवा मालकीचे कागद, टॅक्स रिटर्न वगैरे घेऊन रेसिडेन्सीचा फॉर्म भरा. सेमिस्टरच्या सेन्सस तारखेआधी भरा, नंतर तो मागच्या सेमिस्टरला लागू होत नाही.

केंद्राची विद्यार्थी मदत एच-४ ला नाही. विभागातली असिस्टंटशिप तुम्हाला ईएडीमुळे घेता येईल. नुसत्या एच-४ वर पगारी काम चालत नाही.

तुमच्याजवळ डेन्टनला यूएनटी (युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सस) आणि टीडब्ल्यूयू (टेक्सस वुमन्स युनिव्हर्सिटी) आहेत, दोन्हींकडे केक्रेप आहे. मुलांबरोबर काम करायचं मनात असेल तर यूएनटीचं प्ले थेरपीचं केंद्र देशभर नावाजलेलं आहे, आणि ते आहे घरापासून तासाभराच्या आत.

---

ओसरी

ऑनलाइन की प्रत्यक्ष, याचं उत्तर प्रॅक्टिकममध्ये आहे. वर्गातले तास ऑनलाइन झाले तरी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते साइट मिळवताना.

केक्रेपचा हिशोब: आधी १०० तासांचा प्रॅक्टिकम, त्यातले ४० थेट. मग ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले २४० थेट. इंटर्नशिप दोन सेमिस्टरमध्ये पसरली तर प्रत्येकी १५ आठवड्यांच्या हिशोबाने आठवड्याला २० तास साइटवर आणि ८ तास थेट. क्लायंट येत नाहीत, रद्द करतात, मुलांच्या परीक्षा लागतात, थँक्सगिव्हिंग येतं. ८ तास व्हायला ११-१२ तासांच्या अपॉइंटमेंट लावाव्या लागतात. न आलेल्या क्लायंटची वाट बघत बसलेला तास थेट नाही. नोट्स लिहिणं, फोनवर वेळ ठरवणं, दुसऱ्याचं सेशन बघणं, हेही थेट नाही.

स्थानिक विद्यापीठाकडे स्वतःचं ट्रेनिंग क्लिनिक असेल तर १०० तासांचा प्रॅक्टिकम तिथेच होतो. कॅमेरे लावलेले, क्लायंट येणारे, सुपरवायझर भिंतीपलीकडे. ऑनलाइन कोर्समध्ये बहुतेक वेळा साइट तुम्हीच शोधायची असते. "प्लेसमेंट सपोर्ट" म्हणजे अनेकदा एक यादी आणि शुभेच्छा. आणि डॅलस परिसरातल्या साइट्सवर स्थानिक विद्यापीठांचे विद्यार्थी आधीपासून रांगेत असतात.

साइटने होकार दिला तरी काम झालं नाही. विद्यापीठ आणि संस्था यांच्यात करार व्हावा लागतो, दोन्हीकडचे वकील तो वाचतात आणि विमा किंवा नुकसानभरपाईच्या एखाद्या कलमावर महिनाभर अडून बसतात. पुढच्या ऑगस्टला सुरू करायचं तर जानेवारीत शोध सुरू झालेला हवा. ज्या साइटचा तुमच्या विद्यापीठाशी करार आधीच आहे तिला वरचं स्थान द्या, मग ती थोडी लांब असली तरी चालेल.

साइटला भेटायला जाल तेव्हा गोड बोलण्यात वेळ न घालवता हे विचारा. इंटर्नला पहिल्या महिन्यात किती क्लायंट मिळतात? सेशन रेकॉर्ड करता येतं का? सुपरवायझर कोण, त्यांच्याकडे संबंधित क्षेत्रातलं मास्टर्स, लायसन्स आणि किमान दोन वर्षांचा अनुभव आहे का, आणि दर आठवड्याला एक तास देतील का? इंटर्नने थेरपी करायची की फॉर्म भरून घ्यायचे? शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात. "आमच्याकडे खूप शिकायला मिळेल" म्हणणाऱ्या काही ठिकाणी इंटर्न म्हणजे फोन उचलायला आणि अपॉइंटमेंट लावायला फुकटचा माणूस असतो. ६०० तास भरतात, थेट मात्र ९० होतात, आणि पदवी एक सेमिस्टर पुढे जाते.

रेकॉर्डिंगचा मुद्दा दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. तुमचं काम ऐकून किंवा प्रत्यक्ष बघून सुपरव्हिजन व्हावं असा केक्रेपचा आग्रह असतो. बरीच इस्पितळं गोपनीयतेच्या कारणाने रेकॉर्डिंगला साफ नकार देतात. अशा साइटवर सुपरवायझरला सेशनमध्ये बसावं लागतं किंवा लाइव्ह बघावं लागतं, आणि व्यस्त साइटवर ते दोन आठवड्यांत बंद पडतं. नकार सेमिस्टरच्या मध्यावर कळला की साइट बदलणं आलं.

आणि तासांची नोंद दर आठवड्याला सही घेऊन ठेवा. सुपरवायझर नोकरी सोडून जातात. गेल्यावर सही मिळवणं अवघड होतं.

---

डोंबिवली_फास्ट_ट्रॅक

एमएसडब्ल्यूला कुणीच नीट विचारात घेतलं नाही म्हणून लिहितो.

एमएसडब्ल्यू सीएसडब्ल्यूईची (सोशल वर्कच्या कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेली घेतली की पन्नासही राज्यांत लायसन्सची वाट तयार असते. पदवीनंतर परीक्षा दिली की टेक्ससमध्ये एलएमएसडब्ल्यू (सोशल वर्करचं मास्टर्स पातळीचं लायसन्स) मिळतं आणि इस्पितळ, डायलिसिस, हॉस्पिस, शाळा, सगळीकडे पगारी पदं असतात. नंतर एलसीएसडब्ल्यूसाठी, म्हणजे स्वतंत्रपणे थेरपी करता येणाऱ्या लायसन्ससाठी, इथेही ३,००० तास आहेत, किमान २४ महिन्यांत. म्हणजे तासांत फरक नाही, पण त्या काळात नोकरी मिळण्याचे दरवाजे जास्त. मेडिकेअरकडे (ज्येष्ठांसाठीचा केंद्र सरकारचा आरोग्य विमा) समुपदेशकांना स्वतःचं बिल लावता यायला लागलं ते १ जानेवारी २०२४ पासून. सोशल वर्करना ही सोय कित्येक वर्षं आधीपासून आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे राज्य बदलायची शक्यता असेल तर मी एमएसडब्ल्यूच घ्या म्हणेन.

---

पिंपळपान

डोंबिवली, नोकऱ्यांचं आणि राज्य बदलण्याचं मान्य. पण चैत्रपालवींना बसून थेरपी करायची आहे. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत किमान ९०० तासांचं फील्डवर्क असतं खरं, पण पहिल्या वर्षाचं फील्ड तुम्हाला बेघर निवाऱ्यात किंवा एखाद्या धोरणविषयक संस्थेत टाकू शकतं. सेशनमधलं कौशल्य, गटसमुपदेशन, मूल्यमापनाच्या चाचण्या, यांवर स्वतंत्र कोर्स समुपदेशनाच्या पदवीत जास्त असतात. सोशल वर्क करायची आवड असेल तरच एमएसडब्ल्यू घ्यावं. केवळ लायसन्सची सोय म्हणून घेतलं तर पहिल्या वर्षी फार चिडचिड होते.

राज्य बदलण्यासाठी आता समुपदेशकांचा काउन्सेलिंग कॉम्पॅक्ट, म्हणजे एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या सदस्य राज्यात काम करू देणारा करार, आहे. तीसहून जास्त राज्यांनी त्याचा कायदा केलाय (टेक्सस त्यात आहे का ते आधी तपासा), पण प्रत्यक्ष अंमल एकेक राज्य करून सुरू होतोय, आणि तो पूर्ण लायसन्सवाल्यांसाठीच आहे. असोसिएटला त्याचा फायदा नाही. ३,००० तासांच्या मधे राज्य बदललं तर नवीन राज्य जुने तास किती धरेल ते त्याच्या मर्जीवर. म्हणून हलायचं असेल तर पदवीआधी हला किंवा पूर्ण एलपीसी झाल्यावर.

---

वर्धेची_वाट

धाग्यात घुसतेय, माफ करा. भाची नागपूरहून एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) याच कोर्सला यायचं म्हणतेय. तिलाही हेच लागू का?

---

कृष्णाकाठ

वर्धेची वाट, तिचं गणित वेगळं आणि जास्त अवघड आहे. मेंटल हेल्थ काउन्सेलिंग स्टेमच्या (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या) यादीत नाही, त्यामुळे ओपीटी (पदवीनंतर काम करायची परवानगी) १२ महिनेच, पुढची २४ महिन्यांची वाढ नाही. टेक्ससला किमान १८ महिने हवेत, म्हणजे ओपीटीत पूर्ण लायसन्स होणं अशक्य. मधल्या काळात एच-१बी (मालकाने अर्ज करायचा कामाचा व्हिसा) लागतो, आणि नव्या असोसिएटसाठी तो करणाऱ्या छोट्या क्लिनिक विरळा. विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था लॉटरीच्या कोट्यातून मुक्त असतात, तिथे शोधावं. ओपीटीचा अर्ज आणि असोसिएट लायसन्सच्या तारखाही जुळवाव्या लागतात. ओपीटी सुरू झालं आणि लायसन्स आलं नाही, तर बेरोजगारीचे ९० दिवस मोजायला सुरुवात होते.

प्रॅक्टिकम आणि इंटर्नशिपसाठी तिला कॉलेजकडून सीपीटी (शिकतानाच्या कामाची परवानगी) काढावं लागेल. बिनपगारी असलं तरी आधी डीएसओला (विद्यापीठातला व्हिसाचं बघणारा अधिकारी) विचारूनच साइटवर पाय ठेवायचा.

फीपुरतं एक चांगलं आहे. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठात स्पर्धेतून मिळालेली किमान १,००० डॉलरची शिष्यवृत्ती असेल तर विद्यापीठ परराज्याची जादा फी माफ करू शकतं, एफ-१ वाल्यांनाही. फरक हजारांत पडतो. विभागाच्या शिष्यवृत्त्यांची तारीख प्रवेशाच्या तारखेपेक्षा आधीची असते, ती हुकवू नये.

आणि पदवी घेऊन भारतात परतायचा विचार असेल, तर या पदवीवर तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी मिळेल असं धरून चालू नये. समुपदेशक म्हणून शाळा, कंपन्या, खासगी क्लिनिकमध्ये काम करता येतं, पण तो वेगळा पेशा आहे.

---

चैत्रपालवी

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑनलाइन बाद, डेन्टनच्या दोन्ही विभागांना आजच ईमेल करते. मराठीतल्या कामाबद्दल कुणी सांगेल का? इंटर्नशिपमध्येच मराठी क्लायंट घेतले तर? आणि सायकॉलॉजी अजिबात नसताना उन्हाळ्यात काय वाचू किंवा करू?

---

ओसरी

चैत्रपालवी, इंटर्नशिपमध्ये मराठी सेशनची अडचण सुपरव्हिजनची आहे. रेकॉर्डिंग मराठीत असेल तर तुमच्या सुपरवायझरला ते ऐकून काहीच कळणार नाही. तुम्ही केलेलं भाषांतर म्हणजे तुम्ही निवडलेली आवृत्ती. जिथे तुमचं चुकलं तेच नेमकं गुळगुळीत होऊन येतं. क्लायंट "घरात सगळं ठीक आहे हो" म्हणते तेव्हा त्या "हो" मध्ये किती काय दडलेलं असतं, ते इंग्रजी टिपणात उरत नाही. म्हणून प्रॅक्टिकमचे ४० तास इंग्रजीतच करा. इंटर्नशिपमध्ये एखाद-दुसरा क्लायंट दोन्ही भाषा मिसळून बोलत असेल तर विभागाला आधी विचारून घ्या, आणि त्या सेशनचा पाच मिनिटांचा तुकडा शब्दशः लिहून, शेजारी भाषांतर देऊन, सुपरव्हिजनला न्या. वेळखाऊ आहे, पण विभाग बहुधा तयार होतात.

असोसिएट झाल्यावर मराठी किंवा निदान हिंदी समजणारा सुपरवायझर मिळतो का ते बघा. टेक्ससमध्ये भारतीय वंशाचे एलपीसी-सुपरवायझर आहेत आणि सुपरव्हिजन व्हिडिओवरून होऊ शकते, त्यामुळे ह्यूस्टन किंवा ऑस्टिनचा माणूसही चालतो.

मराठी मंडळाच्या लोकांबरोबर काम करण्याआधी दोन गोष्टी. पहिली, ओळखीतले. अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनच्या आचारसंहितेत ज्यांच्याबाबत तटस्थ राहता येणार नाही अशा मित्रांना आणि नातेवाइकांना क्लायंट म्हणून घ्यायला मनाई आहे. फ्रिस्को-प्लेनोत गणपतीला ज्या घरी आरतीला जाता त्याच घरातली जोडपी उद्या फोन करतील. "एकदाच बोल ना तिच्याशी" ही विनंती हमखास येते. त्यासाठी तीन-चार सहकाऱ्यांची नावं तयार ठेवा, म्हणजे नकार कोरडा वाटत नाही. जिथे थोडीशीच ओळख आहे आणि घ्यायचं ठरवलंत, तिथे मंडळाच्या कार्यक्रमात समोरासमोर आलो तर कोण आधी बोलणार, हे पहिल्याच सेशनला ठरवून नोंदीत लिहा.

दुसरी, लायसन्स क्लायंट सेशनच्या वेळी जिथे आहे त्या जागेचं बघितलं जातं. न्यूजर्सीतली मराठी बाई व्हिडिओवरून बोलायची म्हणाली तर टेक्ससचं लायसन्स पुरत नाही. तुमचा टेक्ससचा क्लायंट महिनाभर पुण्याला गेला तर तोही प्रश्नच आहे, आणि विमा कंपनी त्या सेशनचे पैसे देईल असं गृहीत धरू नका.

कायद्याचं एक उदाहरण, कारण पुस्तकात ते वेगळंच वाचाल. सगळी पाठ्यपुस्तकं कॅलिफोर्नियाच्या १९७६ च्या टॅरासॉफ निकालावर प्रकरण लिहितात: क्लायंट कुणाला मारायची धमकी देत असेल तर संभाव्य बळीच्या संरक्षणाची जबाबदारी थेरपिस्टवर येते. टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये थापर खटल्यात अशी जबाबदारी मानायला नकार दिला. इथे गोपनीयता मोडायची मुभा पोलीस किंवा वैद्यकीय यंत्रणेला कळवण्यापुरती आहे. थेट त्या व्यक्तीला फोन केलात तर तुम्हीच अडचणीत. जुरिस्प्रुडन्स परीक्षेला बसताना राष्ट्रीय पुस्तकातलं उत्तर डोक्यात ठेवून जाऊ नका.

---

पिंपळपान

उन्हाळ्याचं मी सांगतो. पुस्तकांच्या ढिगापेक्षा क्रेडिट मिळवा. कॉलिन कॉलेज हे कम्युनिटी कॉलेज तुमच्या दारात आहे. टेक्ससच्या कम्युनिटी कॉलेजांत कोर्सचे क्रमांक समान असतात: सायकॉलॉजी २३०१ ही ओळख, २३१४ आयुष्यभराचा विकास, २३१७ संख्याशास्त्र, २३२० ॲबनॉर्मल सायकॉलॉजी. प्रत्येकी तीन क्रेडिट. २३०१ आधी करा, बाकीचे त्यानंतर. उन्हाळ्याचं सत्र दोन भागांत असतं, तर पहिल्या भागात २३०१ आणि दुसऱ्यात २३१४ किंवा २३२० बसतो. बी.कॉम.चं स्टॅटिस्टिक्स इव्हॅल्युएशनमध्ये वेगळं दिसत असेल तर २३१७ सोडता येईल. विभागाला ईमेल करताना हे विचारून घ्या आणि उत्तर लेखी ठेवा. पाच आठवड्यांत सेमिस्टरभराचा अभ्यास असतो, त्यामुळे दोन कोर्स एकाच भागात घेऊ नका. तिथली 'बी' ग्रेड निवड समितीला दिसते.